छोट्या व्यवसायाच्या वेबसाइटवरच्या डिझाइनच्या चुका: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

स्वतःचा छोटा व्यवसाय चालवणारी माणसं वेबसाइटबद्दल जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, ते इथे एकत्र केले आहेत. उत्तरं देताना एकच कसोटी लावली आहे. वेबसाइटवर येणारा माणूस काहीतरी विचारायला आलेला असतो: हे काम तुम्ही करता का, किती पैसे पडतील, कधी होईल, फोन कुठे करू. त्याला उत्तर लवकर मिळायला जे मदत करतं ते ठेवायचं, जे आड येतं ते काढायचं. जिथे तांत्रिक भाग आहे तिथे नेमके आकडे दिले आहेत, कारण वेबसाइट करून देणाऱ्याशी बोलताना तेच हाताशी लागतात.

सगळ्यात जास्त आढळणारी चूक कोणती?

व्यवसाय नेमका काय करतो हे पहिल्या पडद्यावर न सांगणं. भलंमोठं चित्र, त्यावर 'गुणवत्ता हाच आमचा ध्यास' अशी एखादी ओळ आणि खाली 'अधिक जाणून घ्या' हे बटण. ही ओळ शिलाई मशीन दुरुस्त करणाऱ्याच्या वेबसाइटवर चालेल, हिशेब लिहून देणाऱ्याच्या चालेल, नृत्याच्या वर्गाच्याही चालेल. जी ओळ कुणालाही चालते, तिने तुमच्याबद्दल काहीच सांगितलेलं नसतं.

तिच्या जागी असं लिहून बघा: 'घरगुती आणि कारखान्यातल्या शिलाई मशीनची दुरुस्ती. आम्ही तुमच्याकडे येतो. बहुतेक कामं त्याच दिवशी होतात.' आणि बटणावर 'फोन करा'. यात शब्दांची कारागिरी काही नाही, पण मशीन बंद पडून काम अडलेल्या माणसाला जे हवं ते सगळं आहे. माझ्या प्रकारचं मशीन हे करतात का, मशीन उचलून न्यावं लागेल का, किती वेळ लागेल. ही तीन वाक्यं लिहायला मालकालाच बसावं लागतं. लोक फोनवर पहिलं काय विचारतात हे डिझायनरला ठाऊक नसतं, तुम्हाला असतं.

तुमचा व्यवसाय माहीत नसलेल्या कुणाला तरी ते पान पाच सेकंद दाखवा, मग पडदा बंद करून विचारा, 'हे लोक काय करतात?' उत्तर अडखळत आलं तर आधी मजकूर बदला. रंग आणि चित्रं नंतर.

पहिल्या पानावर सरकत्या चित्रांचा स्लायडर ठेवू का? सगळीकडेच दिसतो.

माझं स्पष्ट मत आहे: ठेवू नका. तो सगळीकडे दिसतो कारण चार गोष्टींतली एक निवडण्यापेक्षा चारही ठेवून देणं सोपं जातं. २०१३ मध्ये अमेरिकेतल्या नोत्रे डेम विद्यापीठाच्या वेब विभागातून तिथल्या मुख्य पानावरच्या स्लायडरचे आकडे प्रसिद्ध झाले. पानावर आलेल्यांपैकी सुमारे १ टक्का लोकांनी स्लायडरवर क्लिक केलं होतं, आणि त्यातले ८४ टक्के क्लिक पहिल्याच चित्रावर होते. मागच्या चित्रांत जे ठेवलं होतं ते जवळपास कुणी उघडलंच नाही. विद्यापीठाचा वाचक आणि तुमचा ग्राहक वेगळे, पण दुसऱ्या चित्राची वाट बघत कुणी थांबत नाही हे दोन्हीकडे खरं आहे.

शिवाय वाचता वाचता ओळ सरकून गेली की हळू वाचणाऱ्याची फार पंचाईत होते. ठेवायचाच असेल तर तो आपोआप फिरू देऊ नका. वाचणारा स्वतः बोटाने सरकवेल.

लॅपटॉपवर वेबसाइट छान दिसते. फोनवर वेगळं काय तपासायचं?

बहुतेक मालक वेबसाइट लॅपटॉपवर बघून मंजूर करतात आणि ग्राहक ती फोनवर उघडतो. निम्म्या तक्रारी या एका सवयीतून येतात. एकच पान पडद्याच्या रुंदीप्रमाणे आपली मांडणी बदलेल, ही पद्धत ईथन मार्कॉट यांनी २०१० मध्ये 'रिस्पॉन्सिव्ह वेब डिझाइन' या नावाने मांडली. आज जवळपास प्रत्येक तयार टेम्प्लेट, म्हणजे वेबसाइटचा आयता साचा, तसं असतं. तेवढ्याने भागत नाही, कारण टेम्प्लेट फक्त रकाने एकाखाली एक लावतं. त्यात काय आधी यावं हे तुम्हीच ठरवायचं असतं. लॅपटॉपवर उजव्या बाजूला दिसणारी 'वेळ आणि पत्ता' ही चौकट फोनवर पानाच्या अगदी तळाशी जाऊन बसते, आणि ते कुणाच्या लक्षात येत नाही.

आता फोन हातात घ्या आणि स्वतःच्या वेबसाइटवरून स्वतःला फोन लावून बघा. नंबर चित्रात लिहिलेला असेल तर तो दाबला जात नाही आणि कॉपीही होत नाही. मग ग्राहकाला आकडे दोन-दोन करत पाठ करावे लागतात. तो डायलर उघडतो, मधले दोन आकडे विसरतो, परत ब्राउझरवर येतो, तोवर पान पुन्हा लोड होऊन वरच्या टोकाला गेलेलं असतं. नंबर साध्या मजकुरात ठेवून त्याला 'टेल' लिंक जोडली की एका दाबात फोन लागतो. हे काम काही मिनिटांचं आहे आणि वेबसाइटवर याहून फायद्याचा बदल क्वचितच सापडेल.

बोटाने दाबायच्या गोष्टी पुरेशा मोठ्या हव्यात. सर्वांना वापरता येतील अशा वेबसाइटसाठी डब्ल्यूसीएजी नावाची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं आहेत. त्यांच्या २०२३ च्या २.२ या आवृत्तीत बटणाचा किमान आकार २४ बाय २४ पिक्सेल सांगितला आहे, आणि त्याच तत्त्वांच्या सर्वांत कडक पातळीवर ४४ बाय ४४. मी ४४ च धरायला सांगेन. फॉर्ममधल्या रकान्यांतली अक्षरं १६ पिक्सेलपेक्षा लहान असली तर आयफोनवर रकान्याला हात लावताच पान मोठं होतं आणि कडेचा मजकूर पडद्याबाहेर जातो. ते टाळायला काही जण दोन बोटांनी पान मोठं करण्याची सोयच बंद करून टाकतात. तसं कधीही करू देऊ नका. ज्याला बारीक दिसत नाही त्याच्या हातातलं भिंग आपण काढून घेतो. अक्षरं १६ पिक्सेलची करा, प्रश्न मिटतो.

आणखी एक. गूगलने २०१६ मध्ये जाहीर केलेला आणि २०२३ मध्ये पूर्ण केलेला बदल असा आहे की शोधासाठी वेबसाइटचं फोनवरचं रूप वाचलं जातं. 'फोनवर जागा नाही' म्हणून काढून टाकलेला मजकूर त्यामुळे शोधातूनही निघून जातो.

पान उघडायला फार वेळ लागतो. सर्व्हर बदलावा का?

आधी फोटो तपासा. दहापैकी नऊ वेळा दोष तिथेच असतो, असं मी बिनधास्त म्हणेन.

हिशेब बघा. फोनने काढलेला फोटो सहज ४,००० पिक्सेल रुंद आणि ४ एमबी वजनाचा असतो. असे सहा फोटो जसेच्या तसे पानावर चढवले की झाले २४ एमबी. इंटरनेटचा वेग ४ एमबीपीएस (सेकंदाला ४ मेगाबिट, म्हणजे अर्धा एमबी) असेल तर नुसते फोटो उतरायला ४८ सेकंद लागतात. तेच फोटो १,२०० ते १,६०० पिक्सेल रुंदीचे करून 'वेबपी' स्वरूपात जतन केले, तर प्रत्येक फोटो साधारण २०० केबीपर्यंत येतो. सहा मिळून १.२ एमबी, म्हणजे अडीच सेकंदांच्या आत. फोनच्या पडद्यावर दोन्ही फोटो शेजारी ठेवले तर फरक ओळखू येणार नाही. फोटो लहान करायची साधनं फुकट आहेत, ब्राउझरमध्येच चालतात. फोटो चढवण्याआधी लहान करायचा, एवढी सवय लागली तरी पुरे.

वेग मोजायला गूगलची तीन परिमाणं वापरतात. पानातला सर्वांत मोठा भाग दिसायला २.५ सेकंदांपेक्षा जास्त वेळ लागू नये. बटण दाबल्यावर २०० मिलिसेकंदांच्या आत पडद्यावर काहीतरी हालचाल दिसावी. आणि पान उघडताना मजकूर इकडेतिकडे उडू नये, त्याचा गुणांक ०.१ च्या आत असावा. हा तिसरा मुद्दा लोकांना कळत नाही, पण त्रास सगळ्यांनी भोगलेला असतो: 'फोन करा'वर बोट नेलं आणि तेवढ्यात वर चित्र येऊन बटण खाली सरकलं, दाबलं गेलं भलतंच. चित्राची रुंदी आणि उंची कोडमध्ये लिहून ठेवली की ब्राउझर तेवढी जागा आधीच राखतो आणि ही उडी थांबते.

खालची चित्रं गरज पडेल तेव्हाच उतरवण्याची 'लेझी लोडिंग' ही सोय चांगली आहे, पण ती सर्वांत वरच्या मोठ्या चित्राला लावू नका. तिथे तिने उलट उशीर होतो. आणि एकदा कधीतरी लावून विसरलेली चॅटची खिडकी, फिरते आकडे, बर्फ पडल्याचा देखावा असले तुकडे शोधून काढून टाका. प्रत्येक तुकडा आपापला कोड सोबत आणतो.

रंग कसे निवडावेत?

रंग कोणता यापेक्षा अक्षर आणि पार्श्वभूमी यांत फरक किती, हे महत्त्वाचं. डब्ल्यूसीएजीनुसार साध्या आकाराच्या मजकुराला हा फरक किमान ४.५ : १ हवा, मोठ्या मथळ्यांना ३ : १ चालतो. फिकट राखाडी अक्षरांची सध्या फार आवड आहे, म्हणून त्याचंच उदाहरण घेऊ. पांढऱ्यावर #९९९९९९ (कोडमध्ये रंग असा क्रमांकाने लिहितात) या राखाडीचं प्रमाण जेमतेम २.८५ : १ भरतं, म्हणजे नापास. #७७७७७७ चं ४.४८, तेही थोडक्यात नापास. #७६७६७६ चं ४.५४, हे पास. #५९५९५९ पर्यंत गडद गेलात तर ७ : १ मिळतं आणि उन्हात उभं राहूनही वाचता येतं. डिझायनरच्या अंधाऱ्या खोलीतल्या मोठ्या पडद्यावर या चारही छटा सुरेख दिसतात. ग्राहक मात्र रस्त्यावर, पडद्याचा उजेड कमी केलेला, कदाचित चष्मा घरी राहिलेला, अशा अवस्थेत असतो.

फोटोवर थेट मजकूर लिहिणं हा याचाच वाईट प्रकार. फोटोचा उजळ भाग जिथे येतो तिथली अक्षरं नाहीशी होतात. मजकुराखाली गडद पट्टा घाला किंवा मजकूर फोटोच्या बाहेर आणा. आणि केवळ रंगाने अर्थ सांगू नका. तारखांच्या तक्त्यात हिरवं म्हणजे मोकळं आणि लाल म्हणजे भरलेलं असं असेल, तर ज्यांना लाल-हिरव्यात फरक दिसत नाही त्यांना तो तक्ता निरुपयोगी आहे. सोबत 'मोकळं', 'भरलं' असे शब्द लिहा.

बाकी एक मुख्य रंग, एक जोडीचा आणि काळा-पांढरा-राखाडी एवढ्यात छोट्या व्यवसायाची वेबसाइट उत्तम होते. मुख्य रंग फक्त दाबायच्या गोष्टींना ठेवलात तर कुठे दाबायचं हे कुणाला सांगावं लागत नाही.

वेबसाइट मराठीत आहे. फॉन्टबाबत काही वेगळं लक्षात ठेवावं लागतं का?

हो, आणि हे सहसा कुणी सांगत नाही, कारण टेम्प्लेट रोमन अक्षरं डोळ्यांपुढे ठेवून बनवलेली असतात.

पहिली गोष्ट, मजकूर युनिकोडमध्येच हवा, म्हणजे प्रत्येक भाषेच्या अक्षराला स्वतःचा ठरलेला क्रमांक देणाऱ्या जागतिक पद्धतीत. छपाईसाठी वापरले जाणारे जुने फॉन्ट आतून रोमन अक्षरांचेच सांकेतिक क्रमांक वापरतात आणि वर देवनागरी आकार दाखवतात. ज्याच्याकडे तो फॉन्ट नाही त्याला अगम्य रोमन अक्षरं दिसतात, आणि शोधयंत्रालाही तेवढंच दिसतं. पत्रकातला मजकूर उचलून वेबसाइटवर टाकताना हमखास हा घोळ होतो. काही जण यावर उपाय म्हणून मजकुराचं चित्रच करून टाकतात. मग तो शोधता येत नाही, मोठा करता येत नाही, अंधांसाठीच्या वाचक-सॉफ्टवेअरला वाचता येत नाही.

दुसरी, अक्षरांमधलं अंतर. रोमन मथळ्यांना डौल यावा म्हणून टेम्प्लेटमध्ये 'लेटर-स्पेसिंग' वाढवून ठेवलेलं असतं. देवनागरीला ते लागलं की शिरोरेषा तुटते आणि शब्द सुट्या तुकड्यांसारखा दिसतो. ते शून्य करा. ओळींमधलं अंतर मात्र वाढवा. आपल्याकडे वर वेलांटी, मात्रा, रफार आणि खाली उकार, जोडाक्षरं असतात, त्यामुळे रोमनला पुरणारं अंतर आपल्याला कमी पडतं आणि वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या अनुस्वारावर आदळतो. अक्षराच्या आकाराच्या १.६ ते १.८ पट अंतर ठेवलं की मजकूर मोकळा वाटतो.

तिसरी, पानाची भाषा मराठी आहे हे कोडमध्ये नोंदवा. त्याने वाचक-सॉफ्टवेअर योग्य उच्चार निवडतं. शिवाय काही चांगल्या फॉन्टमध्ये मराठी वळणाचे 'ल' आणि 'श' वेगळे घडवलेले असतात, ते ही नोंद असेल तरच दिसतात. 'मुक्त', 'नोटो सॅन्स देवनागरी' असे मोफत युनिकोड फॉन्ट आहेत, पण देवनागरी फॉन्टची फाइल जोडाक्षरांमुळे जड असते. म्हणून एकच फॉन्ट आणि त्याच्या दोन जाड्या पुरे, साधी आणि ठळक.

मेनूमध्ये काय काय असावं?

जितकं कमी तितकं बरं. सेवा, दर, केलेली कामं, आमच्याबद्दल, संपर्क. पाच-सहाच्या वर जाताय असं वाटलं तर दोन गोष्टी एकत्र करा. नावं रोजच्या बोलण्यातली ठेवा. 'आमचा प्रवास', 'अनुभूती', 'निर्मितीविश्व' अशी नावं वाचून आत काय असेल याचा अंदाज लागत नाही, आणि अंदाज लागला नाही की लोक दाबत नाहीत.

तीन आडव्या रेषांचा मेनू फोनवर ठीक आहे. लॅपटॉपवर जागा असताना सगळा मेनू त्या रेषांमागे लपवण्यात काही अर्थ नाही. लोगोवर क्लिक केल्यावर मुख्य पान उघडलं पाहिजे आणि लिंक लिंकसारखी दिसली पाहिजे. लिंकखाली रेघ असते ही ओळख लोकांच्या डोळ्यात वर्षानुवर्षं बसलेली आहे, ती मोडून हाती काही लागत नाही.

संपर्काचा फॉर्म आहे, पण कुणी भरत नाही. काय चुकत असेल?

यावर सविस्तर बोलायला हवं, कारण इथे ग्राहक अगदी दाराशी येऊन परत जातो.

आधी हे बघा की फॉर्म पोचतो का. स्वतः भरा, एका वेगळ्या ईमेल पत्त्यावरून. कितीतरी वेबसाइटवर लोक फॉर्म भरत असतात, आणि ते सगळे निरोप स्पॅमच्या कप्प्यात किंवा नोकरी सोडून गेलेल्या माणसाच्या पत्त्यावर जात असतात. ग्राहकाला वाटतं, यांनी उत्तरही दिलं नाही. ही तपासणी दर महिन्याला करा.

मग रकाने मोजा. नाव, फोन किंवा ईमेल, आणि 'काय काम आहे'. पहिल्या ओळखीला एवढंच लागतं. जन्मतारीख, संपूर्ण पत्ता, 'आमच्याबद्दल कुठून कळलं' हे सगळं तुमच्या सोयीसाठी आहे, त्याच्या नाही. नंतर फोनवर विचारता येतं.

रकान्याचं नाव रकान्याच्या वर, बाहेर लिहा. पुष्कळ फॉर्ममध्ये ते फिकट अक्षरांत रकान्याच्या आतच असतं आणि टाइप करायला लागताच नाहीसं होतं. मधेच कुणाचा फोन आला आणि माणूस परत आला, तर कुठल्या रकान्यात काय भरायचं होतं हे त्याला कळत नाही. फोन नंबरच्या रकान्याला तसा प्रकार कोडमध्ये दिलेला असला की आकड्यांचा कीबोर्ड आपोआप उघडतो. नाव आणि ईमेल फोनने स्वतःहून भरावं यासाठी 'ऑटोकम्प्लीट' चालू ठेवा.

सर्वांत जास्त माणसं चूक दाखवणाऱ्या संदेशावर अडकतात. समजा एखाद्याने फोन नंबर मध्ये जागा सोडून लिहिला, जसा आपण कागदावर लिहितो. फॉर्म वर लाल अक्षरांत म्हणतो, 'अवैध माहिती', आणि भरलेलं सगळं पुसून टाकतो. कोणती माहिती, अवैध का, काय करायचं, काही नाही. मधल्या जागा काढून टाकणं हे संगणकाचं काम आहे, ते ग्राहकावर का टाकायचं? खरोखर काही चुकलं असेल तर त्याच रकान्याखाली साध्या भाषेत लिहा: 'या नंबरमध्ये एक आकडा कमी दिसतो.' आणि बाकी भरलेलं तसंच राहू द्या.

फॉर्म गेल्यावर 'धन्यवाद' एवढ्यावर थांबू नका. 'तुमचा निरोप मिळाला. उद्या संध्याकाळपर्यंत आम्ही फोन करू' असं लिहा, आणि तसा फोन करा.

पॉपअप, आपोआप सुरू होणारा व्हिडिओ, पार्श्वसंगीत?

तिन्ही नकोत. पान उघडताच अंगावर येणाऱ्या खिडकीत ईमेल मागणं म्हणजे ओळख व्हायच्या आत मागणी करणं. फोनवर मजकूर झाकणाऱ्या अशा खिडक्यांमुळे पानाचं शोधातलं स्थान घसरू शकतं, असं धोरण गूगलने जानेवारी २०१७ पासून लागू केलं आहे. आवाज तर कधीच आपोआप सुरू होऊ नये. माणूस कामावर असेल, शेजारी बाळ झोपलं असेल, तो घाईघाईने पानच बंद करेल.

विकत मिळणारे तयार फोटो वापरले तर चालतात का?

नाइलाज असेल तिथे चालतात, पण माणसांच्या जागी नको. हेडफोन लावून हसणारी ती तरुणी लोकांनी शेकडो वेबसाइटवर बघितलेली असते. तुमच्या कामाच्या टेबलाचा, हत्यारांचा, काम करणाऱ्या माणसांचा, आधी-नंतरचा असा दिवसाउजेडी काढलेला साधा फोटो कितीतरी जास्त विश्वास देतो. खिडकीच्या बाजूने उजेड येऊ द्या, मागचा पसारा आवरा, फोन आडवा धरा. ग्राहकाचं घर किंवा चेहरा दिसत असेल तर त्याची परवानगी घ्या.

दर लिहावेत का? प्रत्येक कामाचा खर्च वेगळा असतो.

लिहावेत. नेमका आकडा देता येत नसेल तर सुरुवातीचा दर लिहा, किंवा 'इतक्यापासून इतक्यापर्यंत' असं लिहून खर्च कशाने वाढतो ते सांगा. दर लपवले की स्पर्धकांना कळत नाही असा समज आहे. त्यांना ते एका फोनवर कळतात. फोन करायला संकोचणारा ग्राहक मात्र निघून जातो, आणि तो आला होता हेही तुम्हाला कळत नाही. परवडणार नाही असे फोन कमी येतात हा आणखी एक फायदा.

ब्राउझर 'असुरक्षित' असा इशारा दाखवतो. हा डिझाइनचा भाग आहे का?

ग्राहकाच्या दृष्टीने आहे, कारण तो इशारा तुमच्या नावाशेजारी दिसतो. जुलै २०१८ पासून क्रोम हा ब्राउझर एचटीटीपीएस (माहिती सांकेतिक करून पाठवणारी सुरक्षित जोडणी) नसलेल्या प्रत्येक पानावर तशी सूचना दाखवतो. 'लेट्स एन्क्रिप्ट' ही संस्था त्यासाठी लागणारं प्रमाणपत्र मोफत देते आणि बऱ्याच होस्टिंग कंपन्या (वेबसाइट ज्यांच्या सर्व्हरवर ठेवलेली असते त्या) ते एका बटणावर बसवून देतात. आजच करा.

वेबसाइट जुनी वाटू नये म्हणून काय करावं?

खोटी होऊ शकणारी माहिती मुळात कमी ठेवा. 'ताज्या घडामोडी' नावाच्या रकान्यात शेवटची नोंद तीन वर्षांपूर्वीची असेल, तर व्यवसाय चालू आहे की बंद असा प्रश्न पडतो. नियमित लिहिणं जमणार नसेल तर तो रकानाच नको. कामाची वेळ, सुटीचे दिवस, नंबर आणि दर मात्र बदलले त्याच दिवशी बदला, आणि ते स्वतःला बदलता येतील अशी सोय डिझायनरकडून आधीच मागून घ्या. प्रत्येक आकड्यासाठी दुसऱ्याला फोन करावा लागला की माहिती शिळी होणारच.

पैसे न खर्चता वेबसाइट तपासायची कशी?

वेगासाठी गूगलचं 'पेजस्पीड इनसाइट्स', वेबसाइट सर्वांना वापरता येते का हे बघायला 'वेव्ह', दोन्ही मोफत आहेत. पत्ता टाकला की दोषांची यादी समोर येते. ती यादी डिझायनरला जशीच्या तशी पाठवा. शंभरपैकी शंभर गुणांच्या मागे लागू नका, लाल रंगात जे आहे ते आधी मिटवा.

पण यंत्राला कळत नाही ते माणसाला बसवून कळतं. वेबसाइट कशी वापरली जाते याचा आयुष्यभर अभ्यास केलेले जेकब नीलसन यांनी २००० मध्ये मांडलं होतं की पाच जणांकडून तपासून घेतलं तरी वापरातल्या बहुतेक अडचणी उघड होतात. छोट्या वेबसाइटसाठी तीन जणही पुष्कळ शिकवतात. घरचे आणि जवळचे मित्र नकोत, ते कौतुक करतील. त्यांच्याच फोनवर पान उघडायला सांगा आणि एक काम द्या: 'रविवारी हे चालू असतात का ते शोधा.' मग गप्प बसा. मदत करू नका, 'वर बघा ना' म्हणू नका. त्यांचं बोट कुठे थबकतं, कुठे माघारी येतं, ते लिहून घ्या. 'कशी वाटली?' हा प्रश्न विचारूच नका, सगळे 'छान आहे' म्हणतात.

तयार टेम्प्लेट घ्यावं की खास बनवून घ्यावी?

बहुतेक छोट्या व्यवसायांना चांगलं टेम्प्लेट पुरतं. टेम्प्लेटच्या नमुन्यात सुंदर फोटो आणि मोजके शब्द असतात, म्हणून ते मोहक दिसतं. निवडताना त्यात आपला खरा मजकूर आणि आपलेच फोटो घालून बघा, आणि न लागणारे विभाग भरत बसण्याऐवजी काढून टाका. नमुन्यातला परका मजकूर कुठे राहून गेला नाही ना, हे तळाच्या पट्टीपर्यंत जाऊन तपासा. तो फार वेळा राहतो.

सगळी वेबसाइट नव्याने करायची ठरवली आहे. कशाची काळजी घ्यावी?

खरंच सगळी नव्याने करायची गरज आहे का, हे आधी बघा. वर लिहिलेल्यांपैकी बऱ्याच गोष्टी जुन्या वेबसाइटमध्येच दुरुस्त होतात. नेहमीच्या ग्राहकांना मांडणी पाठ झालेली असते, एकदम सगळं बदललं की तेच आधी गोंधळतात.

करणारच असाल तर काम सुरू होण्याआधी जुन्या सगळ्या पानांच्या पत्त्यांची यादी काढून ठेवा. नव्या वेबसाइटमध्ये पत्ते बदलतात, आणि जुने पत्ते इतरांच्या वेबसाइटवर, लोकांच्या निरोपांत, छापलेल्या पत्रकांवर आणि गूगलच्या शोधात तसेच राहतात. त्यावर येणाऱ्या माणसाला 'पान सापडत नाही' एवढंच दिसतं. प्रत्येक जुन्या पत्त्याला '३०१' प्रकारचं कायमचं वळण देऊन तो त्याच विषयाच्या नव्या पानाला जोडावा लागतो. सगळे पत्ते सरसकट मुख्य पानाकडे वळवू देऊ नका, कारण दरपत्रक शोधत आलेल्याला तिथून पुन्हा शोधावं लागतं. डोमेनची (वेबसाइटच्या नावाची) नोंदणी आणि होस्टिंगचं खातं तुमच्या स्वतःच्या नावावर, तुमच्याच ईमेलवर आहे याची खात्री करा. नवी वेबसाइट चालू झाल्यावर ती जुनी यादी हातात घेऊन एकेक पत्ता फोनवर उघडून बघा. शेवटचे पैसे त्यानंतर द्या.